बाटली उभी ठेवावी

१

शनिवारी सकाळी चन्नाप्पा अण्णांच्या मशीनमधून जो पहिला कागद बाहेर आला, त्यावर वकिलांचा दावा नव्हता, नुसतं धुकं होतं. दुसरा त्याहून फिका निघाला. तिसरा आलाच नाही. मशीनच्या पोटात कुणीतरी खडीसाखर चावावी तसा आवाज झाला आणि सगळं थांबलं.

कोल्हापूरच्या कोर्टासमोरच्या त्या रांगेत झेरॉक्सचं दुकान एवढं एकच. मशीन चालवायची श्यामला. उचगावची पोर, बोलायला कमी, हाताला चलाख. जुना टोनर संपला म्हणून तिनं नुकतीच कपाटातली नवी बाटली उघडली होती. टोनर म्हणजे झेरॉक्सची ती काळी पूड, पिठापेक्षा बारीक. बाटली उलटी केली तेव्हा थोडी पूड पडली आणि मागोमाग खडे पडले. तिनं घाबरून उरलेल्या दोन बाटल्या हलवून पाहिल्या. आतून ठक्क ठक्क वाजलं, वाळलेल्या सीताफळात बी वाजावी तसं.

वरच्या मजल्यावर पद्मजा भाड्यानं राहायची. नवरा वसंत कॉलेजात शिकवायचा, कडेवर नऊ महिन्यांचा नंदू. स्वतः रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पण सध्या ते सगळं शास्त्र दूध नासलं का आणि ग्राइप वॉटरची मुदत संपली का, एवढ्यावरच खर्च होत होतं. खालचा आवाज एकदम थांबला. नंदूला उचलून ती जिन्यात आली.

खाली अण्णा खुर्चीत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बघण्यापेक्षा ऐकण्यावर भरवसा. समोर श्यामला मान खाली घालून उभी, आणि मशीनला टेकून अण्णांचा भाचा बाळासो. मशीनच्या कपाळावर खंडेनवमीच्या पूजेचे पांढरे पट्टे अजून तसेच होते. पूजेची खूण अण्णांच्या घरी कुणी पुसत नसे, झडेल तेव्हा झडेल.

अण्णा म्हणत होते की दसऱ्याआधी माल आला तेव्हा देणाऱ्यासमोरच तिन्ही बाटल्या त्यांनी नारळासारख्या कानाशी धरून हलवल्या होत्या. "सळसळ वाजल्या. वाळू वाजती तशी. ह्या कानानं ऐकलंया म्या."

"आणि बाटल्या त्याच हायत की मामा," बाळासो म्हणाला. "पूजेची खूण अजून हाय वर. म्हंजे बाटल्या त्याच, आतला माल दुसरा. चांगली पूड कुणीतरी काढून इकली आणि काजळी कोंबली आत."

कपाटाची किल्ली दिवसभर कुणाकडे असते, हे त्यानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

अण्णांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. दिवेलागणीपर्यंत खरं कळलं तर ठीक, ते श्यामलाला म्हणाले, नाहीतर तुझ्या बापाला बोलावून घेतो, मग पुढं पोलीस हायतच.

श्यामलानं वर पाहिलं ते पद्मजाकडे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कबनूरहून तिला पाहून गेलेली माणसं सुपारी फोडायला येणार होती. आणि ही नोकरी तिला मिळाली होती ती पद्मजानं शब्द टाकला म्हणून.

"अण्णा," पद्मजा म्हणाली, "दिवेलागणीपर्यंत त्या बाटल्या माझ्याकडे द्या."

२

बाटल्या वर आणल्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात टेकवायच्या आधीच नंदूनं एकीला पंजा मारला. बाटलीच्या पोटावर हळद-कुंकवाचा ओघळ वाळून बसला होता. त्यातलं लाल पोराच्या बोटांना लागलं आणि बोटं तोंडाकडे निघाली. पद्मजानं झडप घालून मनगट धरलं. धुतलं, साबण लावला, पुन्हा धुतलं. लाल गेलं, पण बोटाच्या पेरात काहीतरी चमचमत राहिलं. आता हे काय आणखी? हल्ली कुंकवातसुद्धा काय काय मिसळतात, असं पुटपुटत तिनं पोराची मूठ उलगडून तिसऱ्यांदा पुसली. मग त्याला झोळीत घातलं, श्वास नीट चालला आहे ना म्हणून नाकापाशी बोट धरलं, आणि कामाला लागली.

आधी लेबल वाचलं. वाचायची सवयच होती. डब्याबाटल्यांवरचं बारीक अक्षर ती आरतीइतकं पाठ करायची. थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. उन्हापासून, आचेपासून दूर. उभी ठेवावी. वापरण्यापूर्वी हलवावी. वर्ष-दीड वर्षात संपवावी. पोराच्या दुधाच्या डब्यापेक्षा काही वेगळं नाही, तिच्या मनात आलं. काळं असलं तरी लाडाचंच बाळ हे.

मग खडा. बाळासो म्हणत होता ती काजळी असेल तर बोटानं चोळल्यावर पसरेल. खडा पसरला नाही. तिनं त्याचा चुरा जुन्या दुपट्याच्या घडीत ठेवला आणि वरून गरम इस्त्री फिरवली. घडी उघडली तर काळा डाग कापडात असा भिनलेला, की नखानं खरवडूनही सुटेना. काजळी इस्त्रीनं वितळत नाही. हा टोनरच होता, अस्सल.

म्हणजे पूड कुणी बदललेलीच नव्हती.

तिनं दुसरी बाटली घेतली, करवतीच्या पात्यानं उभी चिरली आणि दोन्ही फाका वेगळ्या केल्या. आत गुळाच्या भेलीसारखी एक अखंड वडी होती. बाटलीच्या तोंडातून नंदूची मूठही गेली नसती, आणि ही वडी तिच्या तळहाताएवढी. बाहेरून कोंबायचा प्रश्नच नाही. जे झालं ते बाटलीच्या आतच झालं, आचेनं झालं, आणि बऱ्याच दिवसांत झालं.

पण तिचे डोळे खिळले ते वडीच्या आकारावर. बाटलीच्या तळाशी गोल चकती असायला हवी होती. इथे वडी बाटलीच्या लांबीभर पसरलेली, एका अंगानं बाटलीच्या कुशीसारखी गोल आणि वरच्या अंगानं सपाट. पूड थिजली तेव्हा बाटली उभी नव्हतीच. आडवी पडली होती.

आणि अण्णांच्या कपाटातला खण एवढा अरुंद होता, की त्यात बाटली आडवी मावतच नव्हती.

३

दुपारी तिनं तिघांना विचारलं, तेही पोलिसासारखं नाही. बायका बायकांत बसून चौकशा करतात तसं, हातात काहीतरी काम ठेवून.

पहिला माल देणारा जोतीराम. मुंबईहून टोनर आणून तो दुकानांना पुरवायचा. तो उधारीच्या कामाला आला होता, त्याला अण्णांनी बसवून ठेवलं होतं. आपल्यावर बालंट येणार या भीतीनं तो आधीच तापला होता. माझ्यासमोर त्यांनी बाटल्या कानाला लावल्या, तो म्हणाला, माझ्यासमोर हसले, सळसळ वाजतीया म्हणाले. आता दिवाळीपर्यंत दुसरा माल मुंबईहून येत नाही, मग मीच कशाला माझं गिऱ्हाईक बुडवीन? त्याचं म्हणणं पद्मजाला पटलं. अण्णांचे डोळे गेले होते, कान नव्हते. माल आला तेव्हा चांगला होता.

दुसरी श्यामला. ती मोरीपाशी बसून पद्मजाचे कप विसळत होती, न सांगताच. खंडेनवमीला मी उचगावला घरी होते, ती म्हणाली, पूजा बघितलीच नाही. नंतर जुनी बाटली चालू होती, म्हणून नव्या बाटल्यांना आज सकाळपर्यंत हात लावला नव्हता.

"किल्ली तुझ्याकडेच असते?"

"असतीया. पण दुपारी डबा खायला मी तुमच्याकडं वर येते न्हवं, तवा गल्ल्याच्या खिळ्याला लावून येते." कप हातातच थांबला. "ताई, ती माणसं उद्या आल्यावर कुणीतरी त्यांच्या कानात घालणारच. चोर म्हणून नांदायला जायचं का म्या?"

पद्मजानं तिच्या हातातून कप काढून घेतला. श्यामलाला जेवायला वर बोलवायची पद्धत तिनंच पाडली होती. एकटीला पोराबरोबर जेवण जात नाही म्हणून. ती ज्या वेळी वर घास घेत असे, त्याच वेळी खाली किल्ली खिळ्याला लटकत असे, आणि अण्णा खुर्चीत डोळा लावत.

अशा वेळी गल्ल्यावर कोण बसायचं?

तिसरा बाळासो. तो स्वतःच जिना चढून आला आणि नंदूच्या झोळीला झोका देत उभा राहिला. मोठा गोड माणूस. नंदूच्या पायातले चांदीचे वाळे त्यानंच हुपरीहून आणून दिले होते. तिथं दोस्ताच्या घरातच भट्टी लावून पैंजण करतात, आणि त्याच घराच्या पुढच्या खोलीत दिवाळीच्या पाडव्याला आपण झेरॉक्स टाकणार, हे तो साऱ्या गल्लीला सांगत होता.

"वहिनी, कशाला जीव जाळताय?" तो म्हणाला. "पोरगी गरीब हाय, मोह झाला आसंल. मामास्नी मी समजावतो की. पोलीस नको म्हणतो. तिला गुपचूप काढून टाकू म्हंजे झालं. तिचं लगीनबी मोडायचं न्हाय."

बोलणं इतकं मायेचं होतं, की पद्मजाला क्षणभर तसंच करावं वाटलं. मग झोळीतून नंदूचा पाय बाहेर आला. वाळ्यावर उन्हाची तिरीप पडली आणि तो चमकला. पद्मजा त्या चमकेकडे पाहत राहिली. सकाळी पोराच्या बोटात राहिली होती ती चमक, अगदी हीच.

४

चमक म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला कळत होतं. कुंकवात अभ्रकही असू शकतं. आणि बाळासोनं सकाळी छातीठोक सांगितलेली एक गोष्ट अजून उभीच होती: बाटल्या त्याच आहेत, पूजेची खूण साक्षीला आहे. ती खूण खोटी ठरेपर्यंत आडव्या वडीला कुणी विचारणार नव्हतं.

नंदूला कडेवर मारून, बाटली पदराखाली घेऊन ती मागच्या अंगणात गेली. अण्णांच्या पत्नी, रत्नव्वा, वाळवण आत घेत होत्या. पद्मजाला त्या तंगी म्हणायच्या. धाकट्या बहिणीला त्यांच्या कानडीत असंच म्हणतात.

पद्मजानं सहज विचारावं तसं विचारलं, की खंडेनवमीला दुकानाची पूजा कुणी केली?

"मीच की. आणि कोण करतंय? मशीनला केली, कात्रीला केली, त्या तुमच्या काळ्या बाटल्यांना केली. नवा माल आलता न्हवं."

"काय लावलंत बाटल्यांना?"

रत्नव्वांनी तिच्याकडे बघितलं, जसं एखाद्या शिकलेल्या बाईकडे बघावं, जिला भात कसा शिजतो हे विचारावंसं वाटलं.

"विभूती. आणि काय लावायचं? हत्याराला आमच्यात विभूतीच. तीन बोटं ओढायची. हळद-कुंकू देवीला आणि सवाशिणीला."

पद्मजाला दुकानातल्या मशीनचं कपाळ आठवलं. पांढरे आडवे पट्टे. सकाळपासून ती त्यांच्याकडे बघत होती, आणि बघूनही तिला ते दिसले नव्हते. तिच्या स्वतःच्या माहेरी, सासरी, सगळीकडे हत्याराला हळद-कुंकूच लागायचं, त्यामुळे बाटलीवरचं हळद-कुंकू तिला खटकलंच नाही. अण्णांना दिसत नव्हतं. श्यामला पूजेला नव्हती. रत्नव्वा दुकानात उतरल्या नव्हत्या. खूण सगळ्यांनी मानली, पण बघितली कुणीच नाही.

तिनं पदराखालची बाटली काढून रत्नव्वांच्या समोर धरली.

रत्नव्वांच्या हातातलं सूप खाली आलं. "ही माझी पूजा न्हवं," त्या म्हणाल्या.

५

दिवेलागणीला अजून अवकाश होता. दुकानात अण्णा, जोतीराम, श्यामला आणि बाळासो. रत्नव्वाही दारापाशी येऊन उभ्या राहिल्या. नंदू श्यामलाकडे झेपावला आणि तिनं त्याला घेतलं. पद्मजाचे हात मोकळे झाले. कॉलेजात तोंडी परीक्षेला उभी राहायची तशी ती उभी राहिली.

तिनं चिरलेल्या बाटलीच्या फाका टेबलावर ठेवल्या आणि वडी अण्णांच्या हातात दिली. बोटांनी बघा, म्हणाली. एवढी वडी त्या तोंडातून आत जाईल का? अण्णांनी वडी चाचपली, मग बाटलीचं तोंड चाचपलं आणि मान हलवली. मग एका अंगानं सपाट आहे ते बघा. पाणी आडव्या बाटलीत असंच राहतं ना? बाटली आडवी होती आणि आचेपाशी होती. तुमच्या कपाटात बाटली आडवी बसत नाही, आणि आच तर नाहीच.

"म्हणजे पूड बदलली नाही, अण्णा. बाटल्याच बदलल्या. चांगल्या गेल्या आणि त्यांच्या जागी कुठंतरी उन्हाळाभर भाजलेल्या आल्या."

"आवो पण पूजेची खूण," बाळासो म्हणाला.

"तीच सांगते. अव्वांनी तुमच्या बाटल्यांना विभूती लावली होती. ह्यांना हळद-कुंकू आहे. ह्यांचीही खंडेनवमी झाली, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी."

जोतीरामनं मोठा श्वास सोडला. अण्णांनी हात पुढे केला, आणि पद्मजानं तिसरी बाटली त्यांच्या हातात दिली, दुसऱ्या हातात ओलं फडकं दिलं.

"हे कुंकू पुसा, अण्णा."

अण्णांचा हात जागच्या जागी थबकला. "पूजेचं पुसायचं नसतंय, बाई."

"हो ना? ज्यानं बाटल्या बदलल्या त्यालाही तेच वाटलं. फडकं फिरवलं असतं आणि त्यावर चिमूटभर राख ओढली असती, तर मला काही सापडलं नसतं. पण त्याचा हात धजला नाही. आता ते कुंकू उजेडात जरा तिरकं धरा. अव्वा, तुम्ही बघा काय चमकतंय."

रत्नव्वा पुढे आल्या. कुंकवाच्या वाळलेल्या थरात बारीक कणी होती, कानशीनं घासल्यावर उडते तशी. त्यांनी नखानं एक कण उचलला, पायातल्या जोडव्याशी धरून पाहिला आणि नुसतं एवढंच म्हणाल्या, "चांदी."

नंदूनं पाय झाडला, वाळे वाजले.

कोल्हापुरात चांदीची कणी हवेत उडत नाही, पद्मजा म्हणाली. ती उडते जिथं घरात पैंजण घासतात तिथं, जिथं भट्टी दिवसभर पेटलेली असते तिथं. तिथल्या बायकांनी खंडेनवमीला भट्टी पुजली, कानशी पुजल्या, आणि शेजारी आडव्या पडलेल्या ह्या बाटल्याही पुजल्या. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं त्याचं, ज्यानं स्वतःच्या दुकानासाठी आधीच आणलेला टोनर लेबल न वाचता भट्टीपाशी ठेवला.

अण्णांनी मान वळवली. डोळ्यांना दिसत नसलं तरी त्यांनी बरोबर भाच्याकडेच तोंड केलं.

"बाळासो. चल. हुपरीची गाडी हाय आत्ता. मी येतो तुज्यासंगं. तुज्या दोस्ताचं घर मला हातानं बघू दे."

बाळासोनं जोतीरामकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात रत्नव्वा होत्या.

"तुमी कशाला येताय मामा, धक्के खात," तो अखेर म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मीच घेऊन येतो."

सगळं बाहेर यायला मग वेळ लागला नाही. पाडव्याला दुकान उघडायचं म्हणून त्यानं मुंबईच्या एका ओळखीच्याकडून उन्हाळ्यातच बाटल्या आणल्या होत्या. दसऱ्यानंतर हलवून पाहिल्या तर ठक्क वाजल्या. मामांसारखीच कानाला लावून बघायची सवय त्याला होती, फक्त उशीर झाला होता. पाडव्याआधी दुसरा माल मिळणार नव्हता, आणि साऱ्या गल्लीला सांगून झालं होतं. दुपारी गल्ल्यावर तोच बसायचा, खिळ्याची किल्ली हाताशीच होती. मामांचं नुकसान झालं तर जोतीराम भरून देईल, असं त्याला वाटलं. पण जोतीरामसमोरच अण्णांनी बाटल्या वाजवल्या होत्या हे आज सकाळी कळलं, आणि तोंडातून श्यामलाकडे बोट जाणारं बोलणं निघून गेलं.

"निघून गेलं," अण्णा म्हणाले. "थुकी जाती तसं." मग ते श्यामलाकडे वळले. म्हातारा माणूस, मालक माणूस, त्याला ते जड जात होतं. "पोरी, माझ्या कानानं मालाची पारख केली, माणसाची केली न्हाय. उद्या तुझी माणसं येतील तवा मी आणि ही उचगावला येतो. सुपारी माझ्यासमोर फुटू दे."

श्यामलानं नंदूच्या डोक्यात तोंड खुपसलं आणि तशीच उभी राहिली.

६

दिवे लागले तेव्हा बाळासो परत आला. पिशवी टेबलावर ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला. अण्णांनी एकेक बाटली काढली, कानाशी धरली, हलवली. सळसळ. तिन्ही तशाच. जोतीराम इतका वेळ थांबून होता तो हसला आणि वाटेला लागला.

श्यामलानं मशीनच्या पोटातले खडे वेचून काढले आणि एक बाटली आत रिकामी केली. पहिला कागद आला तो स्वच्छ, दाव्याचं अक्षर न् अक्षर काळंभोर. उरलेल्या दोन ती कपाटात ठेवायला निघाली, तेवढ्यात पद्मजानं तिचा हात धरला.

"थांब. अव्वा, हे बघा."

रत्नव्वा जवळ आल्या. त्यांनी बाटली दिव्याखाली धरली.

बाटलीवर पांढरे तीन पट्टे होते. पिशवीत घातल्या, गाडीत हिंदकळल्या, परक्या घरात परक्या नावावर राहिल्या, तरी विभूती जशीच्या तशी होती. बाळासोनं हीसुद्धा पुसली नव्हती.

रत्नव्वांनी कोपऱ्यात उभ्या भाच्याकडे पाहिलं. "एवढं कळत हुतं तुला," त्या म्हणाल्या, "मग पोरीचं नाव तेवढं पुसायला कसा धजलास रे?"

श्यामलानं बाटल्या आत ठेवल्या, दोन्ही उभ्या, आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली खिळ्याला न लावता कमरेला खोचली.